आईला दुसरं काम द्या

छकुली विसाव्या वर्षात होती, आईपेक्षा वीतभर उंच होती आणि तिचा पाय आईच्या चपलेत मावत नव्हता. तरी घरात ती छकुलीच. नाव बदलायचं तर त्यासाठी कुणीतरी घटकाभर निवांत बसायला हवं, आणि त्या घरात कुणी निवांत बसल्याला कैक वर्षं झाली होती.

ऐकू तिला जन्मापासूनच येत नव्हतं. ती खुणांची भाषा शिकली, दोन्ही हातांनी भांडण्याइतकी तरबेज झाली, आणि तोवर नजर कडेकडेने कुरतडली जायला लागली. शाळेच्या मधल्या इयत्तांत कधीतरी ती पुरती गेली. तेव्हापासून बोलणं हातांवर आलं. बोलणाऱ्याने खुणा करायच्या आणि छकुलीने आपले हात त्या हातांवर अलगद ठेवून त्या वाचायच्या. घरात सगळ्यांनी हे शिकायचं असं ठरलं. ठरवलं सगळ्यांनी, शिकली आई. बाबा लांब पल्ल्याच्या ट्रकवर ड्रायव्हर. महिन्यातले थोडे दिवस घरी, त्यातले निम्मे झोपेत. त्यांना हातावरच्या पाच-सहा खुणा येत, त्यांतली एक ‘शाब्बास’ होती, आणि ती ते कुठेही वापरत.

मग काय, आईच छकुलीचे डोळे, आईच कान आणि जगाचं तोंडही आईच. दुकानदार ‘बिचारी’ म्हणाला की आई छकुलीच्या हातात सांगे, ‘कशी आहेस विचारतोय.’ शेजारीण ‘हिचं पुढे कसं व्हायचं हो’ म्हणून उसासा टाकी, तेव्हा आई सांगे, ‘तुझा स्वेटर छान आहे म्हणते.’ एकंदरीत छकुली लहानाची मोठी झाली ती एका फार सभ्य गावात.

आई दमली होती. हे एकदाच सांगून टाकलेलं बरं, कारण ती स्वतः ते कुणाला सांगत नसे. दिवसभर राबून माणूस संध्याकाळी दमतं, तसलं ते दमणं नव्हतं. सकाळी दात घासतानाच ती दमलेली असे. जिन्यात कुणी भेटलं की ‘मजेत’ म्हणे आणि कठड्याला धरून उभी राही. पाठ दुखे, गुडघा कुरकुरे. मनगटं तर अशी झाली होती की पिळलेला कपडा झटकायचा म्हणजे तिला विचार करावा लागे. आणि या सगळ्याच्या बुडाशी, अशा घरांत असतो तो एक प्रश्न ठाण मांडून बसलेला होता. आपल्या मागे हिचं काय?

शाळेचं शेवटचं वर्ष लागलं तेव्हा पुनर्वसन केंद्रातून एक बाई यायला लागल्या. छकुलीसारख्या मुलामुलींना आणि त्यांच्या घरच्यांना मोठेपणासाठी तयार करणं हे त्यांचं काम. शाळा संपल्यावर काम कुठलं, राहायचं कुठे, कुणाबरोबर, याचं सगळं जुळवून द्यायचं. चष्म्याला दोरी, खांद्याला वजनदार पिशवी, आणि काहीही सांगितलं तरी तोंडात एकच, ‘बरं, मग पुढे काय?’ आईने मनातल्या मनात त्यांचं नाव पुढेकाय बाई ठेवून टाकलं होतं.

पहिल्याच भेटीत बाईंनी विचारलं, “छकुलीला कुठल्या प्रकारचं काम आवडेल?”

“हाताचं,” आई म्हणाली. “बसून करायचं. गडबड-गोंधळ नको तिला.”

“तिला विचारू या का?”

“विचारलं तरी हेच सांगेल. तिच्या मनातलं मला तिच्या आधी कळतं.”

“ते खरं असेल,” बाई म्हणाल्या. “तरी तिच्या हातांतून येऊ द्या. मला घाई नाही.”

आईला घाई होती. तिला नेहमीच घाई असे. तिने विचारलं, छकुलीने उत्तर दिलं आणि ते उत्तर निघालं, ‘माणसं असतील तिथलं. उभ्याने करायचं.’ आईने ते बाईंना सांगितलं खरं, पण जरा चाचरतच.

बाईंनी खटपट करून एका इस्पितळाच्या लॉन्ड्रीत महिनाभर सरावाची जागा मिळवली. काम टॉवेलांच्या घड्यांचं. जमलं तर महिन्याच्या शेवटी नोकरी पक्की, नाहीतर राम राम. मोठी उबदार खोली, तिच्या एका भिंतीला गरगरणारी यंत्रं, मधोमध लांबलचक टेबल. पहिला आठवडा केंद्राचा दुभाषी छकुलीबरोबर उभा राहिला. तिशीतला शांत गडी. नखं मुळापर्यंत कापलेली, बोटात अंगठी नाही, मनगटाला घड्याळ नाही, कारण ज्याचे हात कुणीतरी दिवसभर वाचणार त्याला हात असेच ठेवावे लागतात. त्याने छकुलीला लॉन्ड्रीची घडी शिकवली. टॉवेल लांबीत तीन पदरी करायचा, मग तो निम्म्यात, मग पुन्हा निम्म्यात. अशी घडी वॉर्डातल्या ढकलगाडीच्या कप्प्यात नेमकी बसे. छकुली पायाखालची फरशी थरथरायची थांबली की यंत्र थांबलं हे आपणहून ओळखायला लागली आणि टोपलीकडे आधीच हात न्यायला लागली. लॉन्ड्रीचा मुकादम खूश झाला.

दुसऱ्या आठवड्यात दुभाष्याला दुसरीकडे बोलावणं आलं. दुभाषी मोजके आणि हाका मारणारे पुष्कळ, तिथे कुणाचाच इलाज चालत नाही.

“मी आहे ना,” आई म्हणाली. बाई जरा घुटमळल्या, पण दुसरं माणूस नव्हतं.

झालं, आई टेबलाशी छकुलीच्या शेजारी येऊन बसली. आणि पहिल्या अर्ध्या तासातच तिने एक गोष्ट हेरली. पोरगी घड्या चुकीच्या घालत होती. घरी लहानपणापासून शिकवलेली घडी चौकोनी, निम्म्यात निम्मी, आणि ही इथे काहीतरी लांबोडकं करून ठेवत होती. विसरली बिचारी, आईला वाटलं. दमली असेल. आणि आईने जे वीस वर्षं केलं तेच केलं. कुणाला कळू न देता सावरून घेतलं. छकुली टॉवेल घडी करून चळतीवर ठेवी. आई तो हळूच उचली, मोडी, चौकोनी करी आणि परत ठेवी. सगळे तिला जमत नसत, पण एक सोडून एक तरी ती पकडत होती.

तिसऱ्या दिवशी मुकादम ढकलगाडी घेऊन टेबलाशी आला.

“ताई, हे बघा जरा,” तो आईला म्हणाला. “अर्धे टॉवेल कप्प्यात बसतायत, अर्धे बाहेर लोंबतायत. पोरगी कष्टाळू आहे, त्यात वाद नाही. पण दर दुसरी घडी चुकते. वरून बोलणी मला खावी लागतात. या आठवड्यात सुधारलं तर ठीक, नाहीतर मी केंद्राच्या बाईंना कळवतो.”

छकुलीला मुकादमाचा वास आणि पावलांचा धक्का कळला होता. तिने आईपुढे हात केले. ‘मुकादम काय म्हणतायत?’

‘छान चाललंय म्हणतायत,’ आईने सांगितलं.

आणि दुसऱ्या दिवशी ती दुप्पट वेगाने घड्या मोडायला लागली. मनगटं ठणकत होती, पण पोरीच्या नोकरीचा प्रश्न होता. त्या दिवशी एकही टॉवेल कप्प्यात बसला नाही.

बाई आल्या त्या दुभाष्याला घेऊनच. मुकादम हाताची घडी घालून उभा. आई रडकुंडीला आलेली, तिच्या मनात बोलायचं सगळं तयार होतं. आणखी थोडा वेळ द्या, ती हळूहळू शिकते, मी घरी सराव घेईन. पण बाईंनी तिला गप्प राहायची खूण केली आणि दुभाष्याने छकुलीला विचारलं, ‘घड्यांचं काय होतंय?’

छकुलीने आधी टेबलावरची चळत चाचपली. मग तिने दुभाष्याच्या हातांत सांगायला सुरुवात केली, आणि हातात येईल ते जसंच्या तसं मोठ्याने बोलायचं हा त्याचा धंदा, म्हणून तो बोलत गेला.

“आई माझ्या घड्या मोडते. चळतीच्या कडेवरून हात फिरवला की मला कळतं. मी तिला काही म्हटलं नाही, तिला वाईट वाटेल. तिला रिकामं बसवत नाही. तुम्ही तिला दुसरं काहीतरी काम द्या.”

मुकादमाला हसू फुटलं. आईचा चेहरा पाहून त्याने ते मिशीत दाबलं आणि एक टॉवेल उगीचच झटकला. आई तोंडात मारल्यासारखी उभी राहिली. घडी चुकीची नव्हती. पोर विसरली नव्हती. सगळा घोळ तिने, तिच्या आईने, स्वतःच्या दोन हातांनी, मनगटं दुखवून घेऊन केला होता.

दुसऱ्या दिवसापासून तिला घडीच्या खोलीत मज्जाव झाला. ती फाटकाजवळच्या बाकावर बसायला लागली. घरी जा, म्हणून बाईंनी सांगून पाहिलं. आई म्हणाली, “एवढं जायचं आणि परत यायचं, त्यापेक्षा बसते इथेच.” महिना संपला आणि छकुलीची नोकरी पक्की झाली. बाबांना फोनवर कळवलं. ते म्हणाले, “तिला शाब्बास सांग.”

“बरं, मग पुढे काय?” बाई म्हणाल्या. पुढे सरावघर होतं.

सरावघर म्हणजे लॉन्ड्रीपासून दोन गल्ल्या टाकून एका इमारतीच्या तळमजल्यावरचं साधं घर. चौघांनी तिथे राहायचं, आपापलं रांधायचं, आपापलं आवरायचं, आणि अडलं तर हाकेच्या अंतरावर एक ताई. दाराची घंटा दाबली की प्रत्येक खोलीतला पंखा सुरू होई, त्यावरून कळायचं कुणी आलंय. शेगडीच्या बटणांवर बोटांना लागतील असे ठिपके चिकटवलेले. तीन खोल्या भरलेल्या होत्या, एक रिकामी. त्या एका खोलीमागे बरीच नावं रांगेत होती, पण छकुलीची नोकरी जवळ, म्हणून बाईंनी ती तिच्यासाठी धरून ठेवली होती.

छकुलीने घर हातांनी पाहिलं. भिंती, कपाटं, नळ, खिडकीची कडी. शेगडीपाशी ती फार वेळ रेंगाळली. पलंगावर बसून तिने गादी दाबून पाहिली आणि तोंडभर हसली. मग बाईंनी आईच्या हातांतून विचारलं, ‘येशील इथे राहायला?’

‘नको,’ छकुली म्हणाली.

पुन्हा विचारलं. ‘नको.’ का ते सांगेना.

आईच्या मनात एकाच वेळी दोन गोष्टी झाल्या. आधी गार वाटलं. पोरीला आपण हव्या आहोत, आपल्यावाचून तिचं चालत नाही. आणि त्याच्याच पाठोपाठ, कुणीतरी पाठीवरचं ओझं उतरवता उतरवता परत चढवावं, तसं तिला झालं. आणखी किती वर्षं? असा विचार मनात आला म्हणून तिला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटून घ्यायचाही तिला आताशा कंटाळा आला होता.

“मला सोडून नाही राहू शकत हो ती,” ती बाईंना म्हणाली.

“असं ती म्हणाली?”

“म्हणायला कशाला हवं? आई आहे मी तिची.”

टॉवेलांचं प्रकरण होऊन पुरता महिना झाला नव्हता. पण शहाणपण असं एका फटक्यात येत असतं तर आणखी काय हवं होतं?

बाई चिडल्या नाहीत. चिडायला त्याही बहुधा दमल्या होत्या. “खोली शुक्रवारपर्यंत धरते,” त्या म्हणाल्या. “त्यापुढे मला ती दुसऱ्याला द्यावी लागेल आणि पुन्हा जागा कधी होईल ते मी सांगू शकत नाही. शुक्रवारी दुभाष्याला आणते. तुम्ही या, बसा. पण मध्ये बोलायचं नाही. हात मांडीवर.”

शुक्रवारी सरावघराच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी ते चौघं बसले. छकुली आणि दुभाषी समोरासमोर, हातांवर हात. आई पलीकडे, दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून. इतक्या वर्षांत छकुलीच्या बोलण्यात तिचे हात नाहीत असं कधी झालं नव्हतं. काचेपलीकडून आपल्याच घरात पाहावं तसं तिला वाटलं.

“घर आवडलं नाही का?” बाईंनी विचारलं.

“आवडलं,” दुभाष्याच्या आवाजात छकुली म्हणाली. “शेगडी छान आहे.”

“मग भीती वाटते?”

“कसली?”

“आईला सोडून राहायची.”

छकुलीचे हात चालायला लागले आणि ते चांगले रागावलेले होते, हे आईला दुभाष्याने तोंड उघडायच्या आत कळलं.

“मला राहता येईल. आईला येणार नाही. बाबा बाहेर असतात. तिला मैत्रिणी नाहीत. ती माझ्या शाळेत येऊन बसायची, लॉन्ड्रीत येऊन बसायची. खोलीतून काढलं तर फाटकाशी बसायला लागली, घरी गेली नाही. सकाळी मी उठायच्या आधी येऊन माझ्या पलंगावर बसते. गादी खाली जाते, मला कळतं. मी झोपेचं सोंग घेते, तिला बसायचं असतं म्हणून. तिला एकटं राहायला कुणी शिकवलंच नाही. मी इथे आले तर ती काय करेल? आधी तिची काहीतरी सोय करा. मग मी येते.”

बाईंनी चष्मा काढला आणि काचांवर काही नसताना पदराने पुसला.

आईला आधी राग आला. खराखुरा, अंगाचा तिळपापड करणारा. कुणासाठी बसले मी शाळेच्या ओट्यावर? कुणासाठी सोडल्या मैत्रिणी? हौस होती मला? वीस वर्षं जिच्यासाठी हाडं झिजवली ती आज आपली सोय लावायला निघाली होती, आपल्याच शब्दांत. सोय. रात्रंदिवस जो शब्द तिने छकुलीसाठी मनात घोळवला, तोच पोरीने तिच्यासाठी घोळवला होता, आणि कधीपासून कोण जाणे.

“मी बोलू का तिच्याशी?” तिने विचारलं. बाईंनी मान हलवली. दुभाष्याने छकुलीला सांगितलं आणि खुर्ची रिकामी करून दिली.

छकुलीचे हात आईच्या हातांवर येऊन बसले. आईने सवयीने सुरुवात केली, ‘अगं, मी मजेत आहे, मला काही…’ आणि तिथेच तिचे हात थांबले. त्या सभ्य गावात आता तिला आणखी एक घर बांधायचं नव्हतं.

‘मी दमलेय,’ ती म्हणाली.

छकुलीने तिचे हात नीट चाचपले, चुकीचं वाचलं की काय म्हणून. ‘आज?’

‘रोज.’

‘केव्हापासून?’

‘तू लहान होतीस तेव्हापासून.’

छकुलीने एक हात सोडवून घेतला आणि आईच्या चेहऱ्यावर ठेवला. डोळ्यांखाली, मानेवर, खांद्यावर, जसं तिने ते घर पाहिलं होतं तसं सावकाश. मग हात परत आला.

‘मला कुणी सांगितलं नाही.’

‘कोण सांगणार? तुला सगळं मीच सांगते.’

‘माझ्यामुळे दमलीस?’

आईने बाईंकडे पाहिलं. बाई खिडकीबाहेर पाहत होत्या. इथे मदत करणारं कुणी नव्हतं.

‘हो,’ आई म्हणाली. ‘तुझ्यामुळे. आणि माझ्या स्वभावामुळे. तू मला फार आवडतेस, तेही तितकंच खरं आहे.’

‘ते मला माहीत आहे,’ छकुली म्हणाली, जरा अधीरपणे. ‘मग मी इथे राहिले तर तू काय करशील?’

मजेत राहीन, फिरायला जाईन, काहीतरी शिकेन, असली दहा उत्तरं आईच्या बोटांशी आली. तिने सगळी परतवून लावली.

‘झोपेन.’

‘आणि मग?’

‘पुढचं माहीत नाही. झोपून उठल्यावर बघेन.’

छकुली विचार करत राहिली. तिचे हात आईच्या हातांवर स्थिर होते, आणि आईला वाटलं, इतकी शांतपणे ही आपला हात धरून कधी बसलीच नव्हती, कारण प्रत्येक वेळी काहीतरी सांगायचं असे. मग छकुलीने मान डोलावली.

‘ठीक आहे. तू घरी जा. मी आज इथेच राहते. रविवारी येऊन तुला बघून जाईन.’

‘तुझे कपडे?’

‘बाई आणतील. तू जा.’

आणि तिने हात काढून घेतले, दुभाष्याकडे वळली आणि त्याला विचारलं की दाराची किल्ली नक्की कुणाकडे असते, कारण तिला स्वतःची हवी होती.

आई निघाली. दारात ती दोनदा थांबली, पण आतून तिला कुणी हाक मारली नाही. रस्त्यात तिने भाजी घेतली, अर्ध्या वाटेत तिच्या लक्षात आलं की दोघींपुरती घेतली आहे. घरी पोचली, पिशवी ओट्यावर ठेवली आणि स्वेटरसकट आडवी झाली. भर दुपार होती.

ती दचकून उठली. पाय जमिनीला टेकले, छकुलीच्या खोलीच्या दारापर्यंत ती गेलीसुद्धा. पलंग सकाळी आवरून ठेवला होता तसाच होता. बाहेर अजून उजेड होता. कुणाला काही हवं नव्हतं. हे ध्यानात यायला तिला थोडा वेळ लागला. आता रडू येईल असं वाटून ती आपल्या पलंगाच्या कडेला येऊन बसली आणि वाट पाहत राहिली. रडू आलं नाही. जांभई आली. मग स्वेटर काढून तिने उशाशी ठेवला, कूस बदलली आणि ती परत झोपली.